नऊ विजय आणि न झालेला दहावा सामना : जुना कॉलेज फुटबॉल हंगाम कसा अभ्यासावा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा एखादा हंगाम अभ्यासायला घेतला, की सर्वप्रथम हाती येतो तो निकालांचा तक्ता. त्यात प्रतिस्पर्धी, ठिकाण, गुण आणि हार-जीत एवढेच असते, आणि बहुतेक लेखन तेवढ्यावरच थांबते. तो तक्ता खोटा नसतो, पण त्या काळातील नियम, क्रमवारीची पद्धत, कॉलेजची आर्थिक स्थिती आणि वर्णभेद यांची माहिती नसेल, तर त्यातून हंगाम उभा राहत नाही. काही हंगामांत तर तक्त्यात नसलेली गोष्टच सर्वांत महत्त्वाची असते. असा हंगाम कसा वाचावा आणि त्यावर कसे लिहावे, हे मी एका उदाहरणाच्या आधारे सांगणार आहे. ते उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘डॉन्स’ या संघाचा १९५१चा हंगाम. या संघाने नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले, तरीही हंगामानंतरच्या मानाच्या एकाही सामन्याला त्याला बोलावले गेले नाही. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अंडाकृती चेंडूचा, यार्डांत मोजला जाणारा अमेरिकन फुटबॉल.

आधी चौकट समजून घ्यावी

पहिले काम म्हणजे आजच्या कल्पना बाजूला ठेवणे. १९५१ साली राष्ट्रीय विजेता ठरवण्यासाठी बाद फेरी नव्हती. विजेता मतदानाने ठरत असे. बहुतेक मोठी कॉलेजे एखाद्या ‘कॉन्फरन्स’ची, म्हणजे ठरावीक कॉलेजांच्या गटाची, सदस्य असत आणि त्यांचे बरेचसे सामने गटातच होत. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट धर्मसंघाची संस्था मात्र कोणत्याही गटात नव्हती. अशा स्वतंत्र कॉलेजला दरवर्षी सामने स्वतःच जुळवावे लागत, आणि कोणी आपल्याशी खेळायचे हे त्याच्या एकट्याच्या हातात नसे. म्हणून ‘संघ कोणाशी खेळला’ याच्या शेजारी ‘कोणाशी खेळला नाही’ हेही नोंदवावे. डॉन्सच्या १९५१च्या कार्यक्रमात स्टॅनफर्ड किंवा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ ही शेजारची बडी नावे दिसत नाहीत.

त्यानंतर सामन्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने करावा. तयार तक्ता उतरवून घेतल्यास डोळ्यांखालून बरेच निसटते. डॉन्सचे प्रतिस्पर्धी असे होते : सॅन होजे स्टेट (दोनदा), आयडाहो, कॅम्प पेंडलटनचे मरीन सैनिक, न्यूयॉर्कचे फोर्डम, सॅन डिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्राचा संघ, सांता क्लारा, कॉलेज ऑफ द पॅसिफिक आणि लॉस एंजेलिसचे लॉयोला. यातील दोन नावे कॉलेजांची नाहीत, आणि ती का आली हे समजण्यासाठी कोरियन युद्धाची आठवण ठेवावी लागते. १९५०च्या जूनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर सैनिकी तळांवर तरुणांची भरती वाढली, त्यांत कॉलेजात खेळून आलेलेही होते, आणि तळांचे संघ कॉलेजांशी सामने खेळू लागले. आजच्या वाचकाला असे सामने सरावासारखे वाटतात. त्या काळात ते अधिकृत हंगामाचा भाग होते. तक्त्याखाली याची टीप द्यावी, नाहीतर वाचक स्वतःच्या मनाने त्यांची किंमत कमी करतो.

ठिकाणांबाबतही सावध राहावे. डॉन्सचे घरचे मैदान केझार स्टेडियम होते. ते गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय कोपऱ्यात होते आणि व्यावसायिक ‘फोर्टीनायनर्स’ संघही तेथेच खेळत असे. जुने स्टेडियम १९८९ साली पाडले गेले. आज त्या जागी लहान मैदान आहे, आणि बे एरियात राहणाऱ्या मराठी वाचकाला ते सहज पाहता येईल. लॉयोलाविरुद्धचा शेवटचा सामना पॅसडिनाच्या ‘रोझ बाउल’ स्टेडियममध्ये झाला. येथे नवखा अभ्यासक हमखास फसतो, कारण त्याच नावाचा नववर्षदिनाचा मानाचा सामना त्याच मैदानावर होत असे. डॉन्स रोझ बाउलमध्ये खेळले, पण ‘रोझ बाउल’ खेळले नाहीत.

गुणफलक वाचण्याची रीत

गुणफलक हा त्या काळातील नियमांच्या आधारेच वाचावा. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलक्षेत्रात नेण्याला, सहा गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला एक, फील्ड गोलला, म्हणजे लाथ मारून चेंडू गोलखांबांमधून पार करण्याला, तीन आणि सेफ्टीला, म्हणजे समोरच्या संघाला त्याच्याच गोलक्षेत्रात अडवण्याला, दोन गुण असत. टचडाउननंतर दोन गुण घेण्याची सोय कॉलेज फुटबॉलमध्ये १९५८ साली आली, म्हणून १९५१च्या गुणफलकावर एखाद्या संघापुढे नुसते २ दिसले, तर त्याचा अर्थ एकच निघतो : समोरचा संघ चेंडूसह स्वतःच्याच गोलक्षेत्रात अडकला होता.

आता डॉन्सचे काही निकाल पाहावेत. सॅन होजे स्टेटविरुद्ध ३९–२, कॅम्प पेंडलटनविरुद्ध २६–०, लॉयोलाविरुद्ध २०–२. वरवर पाहता प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखलेला सामना एकच दिसतो. प्रत्यक्षात या तिन्ही सामन्यांत प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाला एकही गुण मिळवता आलेला नाही. नऊपैकी तीन सामन्यांत बचावाने इतके कडक कुलूप लावले होते, ही गोष्ट तक्त्यातच लिहिलेली आहे. ती वाचण्यासाठी १९५८ हे साल माहीत असावे लागते.

तसेच फोर्डमविरुद्धच्या ३२–२६ या निकालाचे. डॉन्स देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन न्यूयॉर्कमध्ये खेळले आणि सहा गुणांनी जिंकले. त्यांचा प्रमुख धावपटू ऑली मॅटसन याने या सामन्यात दोनदा किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना समोरच्या संघाने लाथेने मारलेला, चेंडू झेलून थेट टचडाउनपर्यंत नेला. म्हणजे बारा गुण अशा दोन धावांतून आले, आणि विजयाचे अंतर होते सहा. केवळ ‘मॅटसन चमकला’ असे लिहिण्यापेक्षा हे गणित मांडावे, म्हणजे त्या दोन धावांशिवाय सामना हातचा गेला असता हे वाचकाला आपोआप दिसते. या सामन्याचे आणखी एक महत्त्व होते. पश्चिम किनाऱ्यावरचा खेळ पूर्वेकडील क्रीडापत्रकारांना क्वचितच पाहायला मिळे, आणि राष्ट्रीय क्रमवारी पत्रकारांच्या मतांवर ठरत असे. डॉन्सचे प्रसिद्धीचे काम तेव्हा पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण पाहत होता. हे नाव पुढे पुन्हा येईल.

खेळाडूंचे आकडे

मॅटसनने त्या हंगामात १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाउन केले. दोन्हींत तो देशात पहिला होता. हे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवताना सामन्यांची संख्या आधी पाहावी. आज बारा-तेरा सामन्यांचा हंगाम सर्रास असतो, डॉन्सचा नऊ सामन्यांचा होता; म्हणून प्रतिसामना सरासरी, म्हणजे १७४ यार्ड, हीच न्याय्य तुलना ठरते. शिवाय २००२पर्यंत हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांतील, म्हणजे ‘बाउल’ सामन्यांतील, आकडे हंगामाच्या अधिकृत आकड्यांत धरले जात नसत, हेही विसरू नये. मॅटसन आक्रमणात खेळत असे तसाच बचावातही खेळत असे, आणि बचावातील कामगिरीचे आकडे त्या काळी आजच्यासारखे बारकाईने ठेवले जात नसत. जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, असे मानू नये.

एवढे आकडे असूनही सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात मॅटसन नववा आला. पारितोषिक प्रिन्स्टनच्या डिक कॅझमायरला मिळाले. कॅझमायर उत्तम खेळाडू होता आणि त्याच्या यशाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मतदार कोठे राहत होते आणि त्यांनी कोणाचा खेळ प्रत्यक्ष पाहिला होता, हा प्रश्न अशा प्रत्येक मतदानाला विचारावा.

संघातील माणसांची यादी करताना वर्षाची खातरजमा करावी. डॉन्सच्या जुन्या खेळाडूंपैकी चार जण पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले : मॅटसन, जिनो मार्चेटी, बॉब सेंट क्लेअर आणि डिक स्टॅनफेल. परंतु स्टॅनफेल यांची व्यावसायिक संघाने निवड १९५१च्या मोसमापूर्वीच केली होती, म्हणजे अपराजित हंगामात ते नव्हते. एकाच कॉलेजच्या नामवंतांची यादी पाहून सगळ्यांना एकाच वर्षात बसवण्याची चूक फार वेळा होते.

क्रमवारीचा अर्थ

असोसिएटेड प्रेसची पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी १९३६पासून होती, आणि प्रशिक्षकांच्या मतांची युनायटेड प्रेसची क्रमवारी १९५०मध्ये सुरू झाली. त्या काळातील ‘अंतिम’ क्रमवारी नववर्षाच्या बाउल सामन्यांपूर्वीच जाहीर होत असे. त्यामुळे १९५१चा विजेता म्हणून टेनेसीचे नाव नोंदले गेले, आणि १ जानेवारी १९५२ रोजी शुगर बाउलमध्ये मेरीलँडने त्याच टेनेसीला २८–१३ असे हरवल्यावरही ते नाव बदलले नाही. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम यादीत डॉन्स चौदाव्या स्थानी होते. अपराजित संघ चौदावा कसा, असा प्रश्न वाचक विचारणारच. त्याचे एक प्रामाणिक उत्तर असे, की मतदारांना त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे वाटत होते; हे उत्तर टाळू नये, कारण पुढच्या भागात त्याचीच परीक्षा करायची आहे.

जे घडले नाही त्याचा पुरावा

या हंगामाचा गाभा येथे आहे, आणि लेखकाची कसोटीही येथेच लागते.

प्रथम बाउल सामन्यांची रचना मांडून घ्यावी. पॅसडिनाच्या रोझ बाउलची दारे करारामुळे बंद होती. तेथे पॅसिफिक कोस्ट आणि बिग टेन या दोन गटांचे संघच खेळत. उरलेले प्रमुख सामने म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा शुगर, मायामीचा ऑरेंज, डॅलसचा कॉटन आणि फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिलचा गेटर. ही सारी शहरे दक्षिणेतील, जेथे वर्णभेद कायद्यानेच लागू होता. डॉन्सच्या संघात मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. दक्षिणेत सामना असला, की उत्तरेकडील संघांनी आपले कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवावेत किंवा बाकावर बसवावेत, असा अलिखित समझोता अनेक वर्षे पाळला जात होता.

येथे सरसकट विधान करण्याचा मोह आवरावा. १९४८च्या कॉटन बाउलमध्ये पेन स्टेटचे वॉलेस ट्रिपलेट आणि डेनी होगार्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू डॅलसमध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाविरुद्ध खेळले होते आणि सामना १३–१३ असा बरोबरीत सुटला होता. म्हणजे ‘दक्षिणेत कोणीच कधी खेळले नाही’ हे वाक्य चुकीचे ठरते. प्रत्येक शहराचा आणि प्रत्येक यजमान समितीचा इतिहास वेगळा तपासावा लागतो. त्याच वेळी वातावरण किती विखारी होते हे दाखवणारी घटनाही समोर ठेवावी. १९५१च्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा, चेंडू त्याच्याजवळ नसताना केलेल्या ठोशाने मोडला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि ड्रेकने आपला गट सोडला.

आता डॉन्सचे पाहू. बाहेर सांगितले गेलेले कारण दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचे होते. खेळाडूंनी पुढे सातत्याने सांगितलेली हकीकत अशी, की मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवले तर बाउलचे बोलावणे येऊ शकेल असे प्रशिक्षक जो कुहारिच यांच्यामार्फत त्यांच्या कानावर आले, आणि संपूर्ण संघाने ती अट तेथल्या तेथे नाकारली. या दोन बाजू तोलण्यासाठी मी तीन गोष्टी करण्याचा सल्ला देतो.

सर्वांत आधी, ज्यांना बोलावणे आले त्यांचा हंगाम पाहावा. ऑरेंज बाउलला जॉर्जिया टेक आणि बेलर गेले; जॉर्जिया टेक अपराजित होता, त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. परंतु गेटर बाउलला मायामी आणि क्लेम्सन गेले, आणि बाउलपूर्वी मायामीचे तीन तर क्लेम्सनचे दोन पराभव झालेले होते. मायामी फ्लॉरिडाचाच संघ असल्याने तिकिटांचा विचार समितीने केला असेल, हे मान्य करावे. पण केवळ खेळाच्या गुणवत्तेवर निवड झाली असे म्हणायला मग जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘डॉन्सने आमंत्रण नाकारले’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हे वाक्य चुकीचे आहे, कारण त्यांना आमंत्रण आलेच नव्हते. ज्या अटीवर ते येऊ शकले असते ती अट त्यांनी नाकारली, असे लिहावे. वाक्य लांबते, पण त्या खेळाडूंच्या कृतीचे मोल या अचूकपणातच आहे : हातात आलेला मान परत करणे वेगळे, आणि मान मिळण्याची शक्यताच आपल्या दोन सोबत्यांसाठी सोडून देणे वेगळे.

तिसरी गोष्ट आठवणींची. या साऱ्या साक्षी बहुतांशी अनेक वर्षांनंतर दिलेल्या आहेत. अशा साक्षींत प्रसंगाचा गाभा टिकतो, पण जागा, क्रम आणि संवाद हलतात. म्हणून अनेक जणांनी स्वतंत्रपणे सांगितलेला गाभा घ्यावा, आणि खोलीत कोण काय बोलले याची नाट्यमय वाक्ये कोणाच्याही तोंडी घालू नयेत. या संघाबद्दल मनात आदर असेल तर हा संयम अधिकच पाळावा, कारण सजवलेली गोष्ट खोटी ठरवणे सोपे असते.

वर्तमानपत्रे कशी वाचावीत

त्या वर्षाची वर्तमानपत्रे हा मुख्य आधार आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात शहरातील दैनिकांचे जुने अंक पाहता येतात, आणि विद्यापीठाचे ‘फॉगहॉर्न’ हे विद्यार्थ्यांचे नियतकालिकही पाहावे. मात्र प्रतिस्पर्धी कॉलेजांची विद्यार्थिपत्रे चाळल्याशिवाय काम पुरे समजू नये. हरलेल्या बाजूच्या वार्ताहराने लिहिलेल्या वृत्तात मैदानाची अवस्था, दुखापती आणि पंचांचे निर्णय असे तपशील मिळतात, जे जिंकणाऱ्याच्या वृत्तात गळून जातात.

जुन्या वृत्तांत कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वापरलेले शब्द आज अपमानास्पद आहेत. अवतरण देताना ते बदलू नयेत, पण आपल्या लेखनात ते वापरू नयेत. आणि वृत्तपत्रांचे मौन हाही पुरावा म्हणून नोंदवावा. एखाद्या दैनिकाने बाउलच्या निवडीवर रकानेच्या रकाने लिहिले असतील आणि वर्णाचा उल्लेख एकदाही केला नसेल, तर ते दैनिक, त्याची तारीख आणि पान टिपून ठेवावे.

पैसा आणि शेवट

हा हंगाम संपल्यावर विद्यापीठाने प्रमुख पातळीवरचा फुटबॉल बंद केला. तोटा हे कारण दिले गेले. येथे ‘बाउल मिळाला असता तर संघ वाचला असता’ असे लिहिण्याची घाई होते. बाउलचे उत्पन्न उपयोगी पडले असते यात शंका नाही, पण शेजारी काय चालले होते ते पाहावे. सेंट मेरीज कॉलेजने १९५०च्या हंगामानंतर फुटबॉल थांबवला होता, लॉयोलाने डॉन्सबरोबरच १९५१नंतर आणि सांता क्लाराने १९५२नंतर थांबवला. पूर्वेकडे जॉर्जटाउनने १९५०नंतर आणि फोर्डमने १९५४नंतर तेच केले. ही सारी कॅथलिक, खाजगी आणि मोठ्या शहरातील किंवा शहराजवळची कॉलेजे होती. प्रेक्षक व्यावसायिक संघांकडे वळत होते, आणि केझारमध्ये डॉन्सच्याच खुर्च्यांवर बसून फोर्टीनायनर्सचा सामना पाहता येत होता. माझ्या मते एका बाउलने हा प्रवाह थोपवला नसता. कदाचित एखादे वर्ष पुढे ढकलला असता. अन्याय मोठा होता हे सांगण्यासाठी त्याच्या माथी नसलेला परिणाम लादण्याची गरज नाही.

संघ मोडल्यावर माणसे कोठे गेली हे थोडक्यात द्यावे. एक वर्ष शिल्लक असलेला सेंट क्लेअर टल्सा विद्यापीठाकडून खेळायला गेला. कुहारिच शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले, आणि त्याच संघाने मॅटसनची निवड केली. त्या संघात खेळू लागण्याआधी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि ४ × ४०० मीटर रिलेत रौप्य पदक मिळवले. प्रसिद्धीचे काम पाहणारा रोझेल १९६० साली व्यावसायिक फुटबॉल लीगचा आयुक्त झाला आणि १९८९पर्यंत त्या पदावर राहिला.

मात्र बर्ल टोलर यांच्यासाठी जागा राखून ठेवावी, कारण बहुतेक लेखनात ते मॅटसनच्या नावामागचे दुसरे नाव एवढेच उरतात. १९५२च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात त्यांचा गुडघा जायबंदी झाला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. ते सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाले. १९६५ साली, रोझेल आयुक्त असताना, ते त्या लीगमधील पहिले कृष्णवर्णीय पंच झाले. २० जानेवारी १९८० रोजी चौदाव्या सुपर बाउलच्या, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्याच्या, पंचांमध्ये टोलर होते, आणि तो सामना पॅसडिनाच्या रोझ बाउलमध्ये झाला, म्हणजे जेथे डॉन्सनी आपला नववा आणि शेवटचा सामना खेळला होता त्याच मैदानावर.